एसजीपीटी वाढले असताना कोणती पूरके घ्यावीत आणि कोणती बंद करावीत?

सांजवारा

नियमित तपासणीत माझी यकृताची एन्झाइम्स वाढलेली निघाली: एसजीपीटी ७८ आणि एसजीओटी ४९. जीजीटी हे एन्झाइमही मर्यादेच्या किंचित वर आहे. बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि अल्कलाइन फॉस्फेटेज मर्यादेत आहेत. प्लेटलेट्स २ लाख ४० हजार. सोनोग्राफीच्या अहवालात ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ असे लिहिले आहे. वय ४४, वजन ८४ किलो (उंचीच्या मानाने दहा-बारा किलो जास्त), मधुमेह नाही, मद्यपान नाही. डॉक्टरांनी वजन कमी करण्यास सांगून तीन महिन्यांनी पुन्हा तपासणीस बोलावले आहे, पण औषध कोणतेही दिले नाही.

तीन महिने नुसते थांबून राहण्यापेक्षा यकृताला आधार देणारे एखादे पूरक सुरू करावे, असे माझ्या मनात आहे. वाचनात मिल्क थिसल, एन-ॲसिटिल सिस्टीन, करक्यूमिन, ई जीवनसत्त्व आणि ओमेगा-३ ही नावे पुन्हा पुन्हा आली. यांपैकी कशाला खरोखर पुरावा आहे आणि कोणते किती मात्रेत, किती काळ घ्यावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. सध्या मी एक मल्टिव्हिटॅमिन, वजनासाठी ग्रीन टीच्या अर्काची कॅप्सूल आणि झोपेसाठी अश्वगंधा घेतो. जिममध्ये वजने उचलण्याचा व्यायामही नुकताच सुरू केला आहे.

अनुमेय

मी वैद्यकीय व्यवसायात आहे, तरीही येथे लिहिलेले हे तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय नाही, हे आधीच सांगतो. तुमचा प्रश्न ‘काय सुरू करू’ असा आहे. मला मात्र तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांची अधिक काळजी वाटते, कारण एन्झाइम्स वाढण्याची दोन संभाव्य कारणे आणि आकडे फसवे ठरवणारे आणखी एक कारण तुम्ही तिथेच नोंदवले आहे.

ग्रीन टीचा अर्क आणि ग्रीन टी हे पेय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेय म्हणून घेतलेल्या ग्रीन टीची सहसा चिंता नसते. अर्काच्या कॅप्सूलमध्ये मात्र त्यातील कॅटेचिन द्रव्ये, विशेषतः ईजीसीजी, एकवटलेली असतात आणि ती एकाच वेळी, अनेकदा रिकाम्या पोटी, यकृताकडे जातात. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये या विषयाचा आढावा घेतला, तेव्हा पूरकांतून दिवसाला ८०० मिलीग्रॅम किंवा त्याहून अधिक ईजीसीजी घेणाऱ्यांमध्ये ट्रान्सअमिनेज, म्हणजे एसजीपीटी-एसजीओटी, वाढत असल्याचा निष्कर्ष काढला. काही जणांना याहून कमी मात्रेतही त्रास झालेला आहे. ही प्रतिक्रिया अंशतः जनुकीय ठेवणीवर अवलंबून असते. वजन घटवणाऱ्या मिश्रणांमध्ये हाच अर्क वेगवेगळ्या नावांनी दडलेला असतो, त्यामुळे बाटलीच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरे वाचावी लागतात.

अश्वगंधेबाबतही गेल्या काही वर्षांत यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांतून आल्या आहेत. त्यांतील ठळक चित्र असे, की घेणे सुरू केल्यानंतर काही आठवड्यांनी कावीळ आणि अंगभर खाज सुटते, आणि बंद केल्यावर बहुतेक रुग्ण काही महिन्यांत बरे होतात. तुमचे बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फेटेज मर्यादेत असल्यामुळे तुमचे चित्र तसे दिसत नाही. तरीही कारण शोधण्याच्या काळात ती चालू ठेवण्यात काही हशील नाही. मल्टिव्हिटॅमिन नेहमीच्या मात्रेचे असेल तर हरकत नसते. त्यात अ जीवनसत्त्व किंवा नायसिन (ब-३ जीवनसत्त्व) दैनंदिन गरजेच्या कैक पट आहे का, एवढे मात्र पाहा. या दोन्हींच्या मोठ्या मात्रा यकृताला बाधतात.

आता व्यायाम. एसजीओटी स्नायूंमध्येही भरपूर असते आणि एसजीपीटीही थोड्या प्रमाणात असते. सवय नसताना वजने उचलल्यास दोन्ही आकडे अनेक दिवस वर राहू शकतात. रक्त देण्याआधी आठवडाभर जड व्यायाम टाळावा आणि शंका उरल्यास सीपीके ही स्नायूंच्या इजेची तपासणी सोबत करून घ्यावी. ती खूप वाढलेली असेल आणि जीजीटी मर्यादेत असेल, तर बोट यकृताकडे न जाता स्नायूंकडे जाते. तुमचे जीजीटी थोडे वर असल्यामुळे आणि सोनोग्राफीत चरबी दिसल्यामुळे यकृताचा वाटा नाकारता येत नाही, एवढेच.

हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या तपासण्या झाल्या नसतील तर त्या एकदा करून घ्याव्यात. फॅटी लिव्हर दिसले की सारे त्याच्यावर ढकलून मोकळे होण्याची सवय रुग्णांइतकीच आम्हा डॉक्टरांनाही असते.

गणितवेडा

अनुमेय यांनी वजाबाकीचे सांगितले, मी बेरजेकडे वळतो. माझे काम चाचण्यांच्या आकडेवारीशी संबंधित आहे, त्यामुळे उत्तर त्या बाजूने देत आहे.

तुम्ही दिलेल्या पाच नावांपैकी मोठ्या, नीट आखलेल्या चाचणीत, यकृताचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, उपयोग दिसलेले एकच आहे, ते म्हणजे ई जीवनसत्त्व. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पिव्हेन्स’ या अमेरिकी चाचणीत मधुमेह नसलेल्या २४७ प्रौढांचा समावेश होता आणि त्या सर्वांना फॅटी लिव्हरसोबत दाहही असल्याचे बायोप्सीने सिद्ध झालेले होते. दिवसाला ८०० आंतरराष्ट्रीय एकके या मात्रेत ९६ आठवडे ई जीवनसत्त्व घेतलेल्यांपैकी ४३ टक्के लोकांच्या बायोप्सीत ठरवलेल्या निकषांनुसार सुधारणा दिसली. निष्क्रिय गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण १९ टक्के होते. एसजीपीटीही उतरले. परंतु यकृतात तयार झालेले व्रणतंतू, ज्याला फायब्रोसिस म्हणतात आणि ज्यावर पुढचे सगळे भवितव्य ठरते, त्यात लक्षणीय फरक पडला नाही. पुढच्याच वर्षी मुलांवरील ‘टॉनिक’ चाचणीचे निकाल आले, आणि तिथे एसजीपीटी टिकाऊपणे खाली आणण्यात ई जीवनसत्त्व निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही.

या मात्रेला किंमतही मोजावी लागते. पुरुषांमधील प्रोस्टेटच्या कर्करोगावरील ‘सिलेक्ट’ या चाचणीत दिवसाला ४०० एकके ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये तो कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळला. मेंदूतील रक्तस्रावाचा धोका थोडा वाढत असल्याचे एका एकत्रित विश्लेषणात दिसले आहे, आणि वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास अडचण आणखी वाढते. म्हणून बायोप्सीने दाह सिद्ध झालेला, मधुमेह नसलेला प्रौढ रुग्ण आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारा डॉक्टर, एवढ्या चौकटीतच हा उपाय बसतो. सोनोग्राफीत ग्रेड १ दिसले म्हणून स्वतःहून सुरू करण्याची ही गोष्ट नव्हे.

मिल्क थिसलमधील सिलिमरिनची ख्याती जुनी आहे आणि ती अगदी निराधारही नाही. डेथ कॅप नावाच्या विषारी अळंबीच्या विषबाधेत त्यातलाच सिलिबिनिन हा घटक शिरेवाटे देतात. परंतु शिरेवाटे दिलेले औषध आणि दुकानातली कॅप्सूल यांत मोठे अंतर आहे, कारण तोंडावाटे घेतलेले सिलिमरिन फारच कमी शोषले जाते. हिपॅटायटिस सीच्या १५४ रुग्णांवर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४२० किंवा ७०० मिलीग्रॅमची मात्रा दिवसातून तीनदा, २४ आठवडे देऊन पाहिली. एसजीपीटी अपेक्षित पातळीपर्यंत उतरलेले रुग्ण प्रत्येक गटात दोन-दोनच निघाले, निष्क्रिय गोळीच्या गटातही दोनच. फॅटी लिव्हरमध्ये काही लहान चाचण्यांत एन्झाइम्स थोडी खाली आल्याचे दिसते, पण त्या चाचण्यांची मांडणी आणि मात्रा इतक्या वेगवेगळ्या आहेत, की त्यांवरून मी कुणाला वर्षभर गोळी घ्यायला सांगणार नाही. सिलिमरिनच्या बाजूने एवढे म्हणता येते, की ते बहुतेकांना सोसते. क्वचित पोट बिघडते.

ओमेगा-३ मुळे यकृतातील चरबी काहीशी कमी होते आणि रक्तातील ट्रायग्लिसराइड्स निश्चितपणे उतरतात, त्यामुळे ज्यांचे ट्रायग्लिसराइड्स वाढलेले आहेत त्यांना डॉक्टर ते त्या कारणासाठी देतात. एन्झाइम्सवरील परिणाम मात्र कुठे दिसतो, कुठे दिसत नाही. मोठ्या मात्रेत हृदयाची लय बिघडण्याचा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचा, धोका वाढतो.

एन-ॲसिटिल सिस्टीन हे पॅरासिटामॉलच्या विषबाधेवरचे खरेखुरे, प्राण वाचवणारे औषध आहे. पॅरासिटामॉल जास्त झाले की यकृतातील ग्लुटाथिऑन या विषारी द्रव्ये निकामी करणाऱ्या पदार्थाचा साठा संपतो आणि हे औषध तो भरून काढते. तुमच्या यकृतात तो साठा तसा संपलेला नाही. एका ठिकाणी सिद्ध झालेली कीर्ती दुसऱ्या ठिकाणी उसनी वापरण्याचा हा प्रकार आहे, आणि पूरकांच्या जाहिरातींचा निम्मा डोलारा याच युक्तीवर उभा असतो, असे माझे मत झाले आहे.

हिरवाई

वरील प्रतिसादांतील सूर मला थोडा एकांगी वाटतो. मी सिलिमरिन घेतले आणि माझे एसजीपीटी शंभरीवरून पन्नाशीच्या आत आले. कोणताही दुष्परिणाम झाला नाही. चाचण्यांत सरासरी दिसते. व्यक्तीला गुण येतो की नाही हे व्यक्तीलाच कळते. ज्याला घेऊन पाहायचे आहे त्याला आपण का अडवावे?

गणितवेडा

अडवण्याचा प्रश्न नाही, आणि तुमचे आकडे उतरले याचा आनंदच आहे. पण मुद्दा विचारात घेण्याजोगा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

एसजीपीटी हा मुळात चढउतार होणारा आकडा आहे. माणूस उपाय शोधू लागतो तो आकडा चढलेला असताना. त्यानंतर काहीही केले किंवा काहीच केले नाही, तरी पुढचा आकडा खाली येण्याचीच शक्यता जास्त असते. शिवाय ज्या आठवड्यात अहवाल हाती पडतो, त्याच आठवड्यात माणूस गोड कमी करतो, चालायला लागतो, डोकेदुखीच्या गोळ्या आणि इतर किरकोळ औषधे टाळतो. ‘पिव्हेन्स’मधील निष्क्रिय गोळी घेणाऱ्या १९ टक्के लोकांची तर बायोप्सीही सुधारली होती, हे पुन्हा पाहा. त्या लोकांनी त्या गोळीला श्रेय दिले असते तर त्यांना खोटे कसे म्हणणार? त्या काळात तुमचे वजन किती बदलले, हे सांगू शकाल का?

हिरवाई

वजन सहा-सात किलो उतरले होते. तेव्हा चालण्याचा व्यायामही नियमित होता, हे मान्य करते. तरी सिलिमरिनने नुकसान झाले नाही, हा माझा मुद्दा कायम आहे.

पानगळ

करक्यूमिनवर अजून कुणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. आमच्या घरातील एका ज्येष्ठ व्यक्तीने गुडघेदुखीसाठी हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल सुरू केल्या होत्या. काही आठवड्यांनी भूक गेली, थकवा आला आणि मग लघवी गडद होऊ लागली. तपासणीत एसजीपीटी हजाराच्या पुढे गेले होते. विषाणूंच्या सगळ्या तपासण्या कोऱ्या निघाल्यावर डॉक्टरांनी घरातील प्रत्येक बाटली, डबी आणि पुडी पिशवीत घालून आणायला सांगितले. औषधांच्या यादीत त्या कॅप्सूल कुणीच लिहिल्या नव्हत्या, कारण ते औषध आहे असे आम्हाला कुणालाच वाटले नव्हते. बाटलीवर ठळक अक्षरांत हळद होती आणि खाली, बोटाने झाकले जाईल एवढ्या जागेत, ‘पाइपरीन’ लिहिलेले होते. डॉक्टरांनी त्याच शब्दाखाली पेनाने रेघ ओढली. कॅप्सूल बंद केल्यावर आकडे हळूहळू उतरले, पण पूर्ववत व्हायला काही महिने लागले.

नंतर वाचल्यावर समजले ते असे. नुसते करक्यूमिन आतड्यातून फारसे शोषले जात नाही. म्हणून उत्पादक त्यात मिरीतील पाइपरीन घालतात किंवा शोषण वाढवणारी अन्य तंत्रे वापरतात. पाइपरीन यकृत आणि आतड्यातील औषधे निकामी करण्याची व्यवस्था मंदावते, त्यामुळे करक्यूमिनच नव्हे, तर सोबत चालू असलेल्या इतर औषधांचे प्रमाणही रक्तात वाढू शकते. हळदीच्या पूरकांमुळे यकृताला इजा झालेल्यांत एचएलए-बी३५:०१ हा जनुकीय प्रकार जास्त आढळला आहे, आणि ग्रीन टीच्या अर्काने इजा झालेल्यांतही तोच प्रकार दिसतो. इटलीत २०१९ च्या सुमारास हळदीच्या पूरकांशी जोडलेल्या हिपॅटायटिसच्या अशा घटना लागोपाठ नोंदल्या गेल्या होत्या. लहान चाचण्यांत करक्यूमिनने फॅटी लिव्हरमध्ये एन्झाइम्स थोडी कमी झाल्याचेही दाखवले आहे, हे मी नाकारत नाही. परंतु ज्या अवयवासाठी घ्यायचे त्यालाच क्वचित का होईना गंभीर इजा करू शकणारी वस्तू, आधीच वाढलेल्या आकड्यांवर घेणे मला पटत नाही. नवी इजा झाली तर ती जुन्या वाढीतून वेगळी ओळखणार कशी?

गुळवेलीबद्दलही सावध राहावे, असे मी सुचवेन. तिच्यामुळे स्वप्रतिकारशक्तीच्या हिपॅटायटिससारखी इजा झालेले रुग्ण वैद्यकीय नोंदींत आहेत, विशेषतः ज्यांना थायरॉइडसारखे स्वप्रतिकारशक्तीचे आजार आधीपासून होते.

सांजवारा

सर्वांचे आभार. ग्रीन टीची कॅप्सूल आणि अश्वगंधा आजपासून बंद करत आहे आणि दोन्हींची नावे डॉक्टरांना कळवत आहे. तीन शंका उरल्या आहेत. आकडा खाली आला म्हणजे यकृत सुधारले असे मानता येईल का? कॉफीबद्दल बरेच चांगले वाचले, त्यात तथ्य आहे का? आणि वजन नेमके किती कमी केल्यास परिणाम दिसेल?

अनुमेय

पहिली शंका महत्त्वाची आहे. एसजीपीटी यकृताच्या पेशींतून रक्तात झिरपते. त्यामुळे ते दुखापतीची खबर देते, यकृताची ताकद मोजत नाही. फायब्रोसिस बराच वाढलेल्या व्यक्तीचे एसजीपीटी मर्यादेत असू शकते आणि नव्वद असलेल्याच्या यकृतात व्रणतंतू अजिबात नसू शकतात. तापमापक गार पाण्यात बुडवून ताप उतरत नाही, तसे केवळ आकडा पाडणारे पूरक घेऊन यकृताचे भले झाले असे धरून चालता येत नाही.

तुमच्या हाती असलेल्या आकड्यांतूनच अधिक उपयोगी माहिती निघते. फिब-४ नावाचा एक साधा निर्देशांक आहे: वयाला एसजीओटीने गुणायचे आणि त्या गुणाकाराला, प्लेटलेट्सची हजारांतील संख्या गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ, याने भागायचे. तुमच्या बाबतीत ४४ गुणिले ४९ म्हणजे २१५६. ७८ चे वर्गमूळ सुमारे ८.८३, त्याला २४० ने गुणले की सुमारे २११९. भागाकार १.०२ च्या आसपास येतो. १.३ च्या खाली असेल तर पुढच्या टप्प्याच्या फायब्रोसिसची शक्यता कमी मानतात आणि २.६७ च्या वर असेल तर यकृततज्ज्ञांकडे पाठवतात. मधल्या पट्ट्यात असणाऱ्यांना फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी, सुचवतात. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी औषध न देता तीन महिने दिले, त्यामागे हेच गणित असण्याची शक्यता आहे. नुसते थांबून राहणे असे त्याला म्हणता येणार नाही.

कॉफीत तथ्य आहे, पण पुरावा निरीक्षणात्मक स्वरूपाचा आहे. नियमित कॉफी पिणाऱ्यांत एसजीपीटी आणि जीजीटी कमी आढळतात, फायब्रोसिस आणि सिऱ्हॉसिसही कमी आढळतात, आणि कॅफिन काढलेल्या कॉफीतही एन्झाइम्सचा हा संबंध दिसतो. तुम्ही आधीपासून पीत असाल आणि ती सोसत असेल, तर साखरेविना दोन-तीन कप चालू ठेवायला हरकत नाही. झोपेची तक्रार असल्यामुळे अश्वगंधा घेत होतात, तेव्हा दुपारनंतर मात्र टाळा. कॉफीच्या अर्काच्या कॅप्सूलना हा पुरावा लागू होत नाही.

वजनाबाबत आकडे बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. सुमारे ५ टक्के घटले की यकृतातील चरबी कमी होते, ७ ते १० टक्क्यांना दाह ओसरू लागतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २९३ रुग्णांना वर्षभर आहार आणि व्यायामाचा कार्यक्रम देऊन पुन्हा बायोप्सी केली, तेव्हा १० टक्के किंवा अधिक वजन घटवलेल्यांपैकी ९० टक्के लोकांतील दाहयुक्त फॅटी लिव्हर नाहीसे झाले होते आणि ४५ टक्के लोकांत फायब्रोसिसही मागे हटला होता. एवढे वजन घटवू शकणारे मात्र थोडेच होते, हेही नमूद करायला हवे. तुमच्या ८४ किलोंमागे ७ टक्के म्हणजे साधारण सहा किलो. ते घाईने उतरवू नका; झपाट्याने वजन उतरवल्यास पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. व्यायाम थांबवण्याचीही गरज नाही, फक्त तपासणीआधीचा आठवडा हलका ठेवा.

पूरके बंद केल्यानंतरची पहिली तपासणी तीन महिन्यांऐवजी चार ते सहा आठवड्यांनी करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. आकडे तेव्हाच निम्म्यावर आले, तर त्या बाटल्यांचा वाटा बराच होता असे समजता येईल. मात्र खात्री करून घेण्यासाठी त्या पुन्हा सुरू करून पाहू नका, दुसऱ्या वेळची इजा अधिक गंभीर असू शकते. दरम्यान डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली किंवा मळमळीसह उजव्या बरगडीखाली दुखू लागले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी तपासणी करून घ्या. एसजीपीटी मर्यादेच्या तिपटीवर आणि सोबत बिलिरुबिन दुपटीवर गेले असेल, तर औषध किंवा पूरकामुळे झालेली ती इजा गंभीर मानली जाते आणि रुग्णालयात जावे लागते.

सांजवारा

फिब-४ चे गणित स्वतः करून पाहिले, उत्तर तेवढेच आले. हिपॅटायटिस बी आणि सीच्या तपासण्या पूर्वी झालेल्या नाहीत, त्या या आठवड्यात करून घेतो. बाटल्यांवरील घटकांचे फोटो काढले, तेव्हा मल्टिव्हिटॅमिनमध्येही ‘ग्रीन टी अर्क’ सापडला. मात्रा लिहिलेली नाही. तेही बंद केले आहे. सहा आठवड्यांनंतरचे आकडे येथेच लिहीन.